नावेचं भाडं

किसाबाईंनी पिशवीतून एक नाणं काढलं, जिभेच्या टोकावर ठेवलं आणि थू करून चटईवर थुंकलं.

"लोखंड," त्या म्हणाल्या. "रक्तासारखं लागतंय. नुई! ए नुई, इकडे ये!"

सून चुलीपाशी होती. तिने ऐकलं आणि ती फुंकणी आणखी जोरात फुंकू लागली.

मी उंबऱ्यात बसलो होतो. देवळात मी पोरांना अक्षरं आणि हिशेब शिकवतो. किसाबाईंची नात फुसा बरेच दिवस आली नव्हती म्हणून चौकशीला गेलो होतो. ती चौकशी बाजूलाच राहिली. म्हातारीने एकेक करत सहाही नाणी चाखली आणि सहाही चटईवर टाकली. तांब्याचं नाणं पडलं की टण्ण वाजतं. ही खडे पडावेत तशी पडली.

आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या गळ्यात कापडाची पिशवी बांधतात आणि तीत सहा नाणी घालतात. पलीकडे जाताना सान्झु नदी लागते, तिच्या नावेचं ते भाडं. ज्याच्याकडे भाडं नसेल त्याच्या अंगावरचे कपडे काठावर बसलेली एक म्हातारी ओढून घेते म्हणतात. किसाबाईंनी आपली सहा नाणी नवरा गेला त्याच साली निवडून ठेवली होती. जुनी, रुंद, लालसर, तांदळाच्या कोंड्याने घासून चकचकीत केलेली. आता त्यांच्या पोटात गाठ होती, पाय सुजले होते, आणि वैद्याने औषध थांबवून 'जे खावंसं वाटेल ते द्या' म्हटलं होतं. म्हणून त्यांनी पिशवी मागवली होती, एकदा डोळ्यांखालून घालावी म्हणून.

नुई शेवटी आली. पदराला हात पुसत उभी राहिली.

"मी घेतली," ती म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात. फुसाचं तोंड सुजलं होतं, घरात दाणा नव्हता. वरीवाला लोखंडी नाणं हातात धरेना. तुमची सहा दिली तेव्हा त्याने पोत्याचं तोंड सोडलं."

"मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर दिली असतीत?"

"दिली असती! चार दिवस शिव्या घातल्या असत्या, पण दिली असती."

"मग घाला आता शिव्या."

"घालणारच आहे," किसाबाई म्हणाल्या. "जरा दम लागलाय, थांब."

पण त्यांनी शिव्या घातल्या नाहीत. भिंतीकडे तोंड केलं आणि थोड्या वेळाने भिंतीशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तो तिकडे पलीकडच्या काठावर उभा असेल. मी अलीकडे. आणि नावाडी माझं भाडं पाण्यात भिरकावतोय. अंगावर कपडासुद्धा नाही. या वयात, नुई!"

नुईने नाणी गोळा केली. तिचे हात गंजाने लाल झाले.

मुलगा यासुके टांकसाळीतून आला तेव्हा त्याच्या भुवयांत वाळू होती. तो साचे घालायचा. सगळं ऐकून घेऊन तो आईजवळ बसला.

"आई, नाणं ते नाणं. हुकुमाची पाटी लागलीय ना पुलाशी? लोखंडी एक म्हणजे तांब्याचं एक."

"पाटी तुझ्या साहेबाची. सान्झु नदीवर कुणी लावलीय का पाटी?"

"तिथे काय चालतं ते कुणाला ठाऊक!"

"मला ठाऊक आहे," म्हातारी म्हणाली. "तुझा बाप तांबं घेऊन गेला, तो परत आला नाही. म्हणजे तांबं चालतं."

मी पोरांना नाण्यांचा धडा देतो तेव्हा तीन नाणी शेजारी शेजारी मांडतो. पहिलं आजोबांच्या काळातलं: तांबं आणि कथील, काठ जाड, अक्षरं बोटाला लागतात. दुसरं बापाच्या काळातलं: तांबं कमी, शिसं जास्त, रंगाने काळपट. ते लहानही असतं, आणि ते का ते मुलांना ओळखायला सांगतो. नाणी ओततात ती वाळूत उठवलेल्या ठशात. ठसा उठवायला एक मूळ नाणं लागतं, टांकसाळीत त्याला आई म्हणतात. धातू निवला की आक्रसतो, त्यामुळे ओतलेलं नाणं आईपेक्षा किंचित लहान होतं. नवी आई कोरायचा खर्च वाचवायला कुणी त्या लहान नाण्यालाच आई केलं की पुढचं आणखी लहान. असं करत करत अक्षरं बुजतात आणि मधलं चौकोनी भोक मात्र मोठं दिसायला लागतं. तिसरं नाणं आपलं, लोखंडी. तांबं एदो शहराला गेलं, नागासाकीच्या जहाजांतून समुद्रापार गेलं, डोंगरातल्या खाणीत पाणी भरलं, आणि वर दुष्काळ. मग डोंगरातलं काळं लोखंड ओतायला घेतलं. ते दगडावर आपटलं की फुटतं. आमची पोरं अंगणात खळगा करून नाण्यांनी नेम धरतात. आता खेळून झालं की ती तुकडे वेचत बसतात.

आणि पाटीवर लिहिलं की दोन्ही सारखीच. झालं! ज्याच्याकडे तांब्याचं होतं त्याने ते जमिनीत पुरलं आणि खर्चायला लोखंड काढलं. वर्षभरात हामानोसे गावात तांब्याचं नाणं दिसेनासं झालं. सगळ्यांकडे होतं, पण कुणाकडेच नव्हतं. चोरून बदलायचं झालं तर दोन लोखंडी देऊन एक तांब्याचं मिळे, तेही ओळखीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच यासुके माझ्याकडे आला. बसेना. ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिला.

"रात्रभर ती झोपली नाही, गुरुजी. मधूनच उठते, पिशवी चाचपते, पुन्हा आडवी होते. तुमच्याकडे आहेत का?"

माझ्याकडे एकच होतं, त्याचाही काठ फुटलेला. त्याने ते उलटून पाहिलं आणि परत दिलं.

"हे नाही घेणार ती. नुई काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, टांकसाळीतल्या आया तांब्याच्या आहेत ना, आणा त्यातल्या सहा."

"मग?"

"मग काय! मोजून हातात देतात, मोजून परत घेतात. फाटकात कपडे उतरवून बांबूवरून उडी मारायला लावतात, वर 'आ' करायला सांगतात. मी तिला म्हटलं, गिळून आणू का? तर म्हणते, एकेक करून आणा." तो हसला, पण पाय थांबले नाहीत. "आज भट्टीची डागडुजी आहे, सुट्टी आहे. गावात विचारून बघतो. तुम्ही चला बरोबर. तुम्हाला लोक नाही म्हणत नाहीत."

मी निघालो. समुद्रावरून वारा सुटला होता, दुकानांच्या कनाती फडफडत होत्या. जाताना मी एवढंच विचारलं, "कशाला हवीत ते सांगायचं का?"

"छे! आई जिवंत आहे अजून. जिवंत माणसाच्या पिशवीची गोष्ट चारचौघांत कशी काढायची?"

ते खरंच होतं. असं बोलणं म्हणजे मरणाला हाक मारणं, आमच्याकडे कुणी करत नाही. मीही मान डोलावली. आणि तिथेच आम्ही दोघे चुकलो.

तोकुबे तोफूवाला दुकानात सोयाबीन दळत होता. यासुके त्याच्या कानाशी वाकला. "तोकुबेकाका, जुनी तांब्याची सहा नाणी मिळतील का? एकाला दोन लोखंडी देतो."

"तांबं? ते कसलं असतं रे?" तोकुबे मोठ्याने म्हणाला. मग जातं थांबवून त्याने यासुकेकडे नीट पाहिलं. "तुला कशाला हवं?"

"हवंय जरा."

"जरा म्हणजे?"

"आहे काम."

तेल विकणाऱ्या बाईकडे तेच, दोरखंडवाल्याकडे तेच. प्रत्येक ठिकाणी आधी 'नाही' आणि मग 'कशाला?'. यासुकेला उत्तर देता येईना. त्याला खोटंही बोलता येत नव्हतं, नुसता लाल व्हायचा. मीठवाल्याकडे तर तो चिडून म्हणाला, "बरं, तीनास एक देतो. आता तरी काढ!"

मीठवाल्याने आमच्यादेखत आपली मिठाची पाटी आत ओढली.

आम्ही पुढे मासळीच्या लिलावाकडे गेलो. तिथे पोचायच्या आधीच मागून माणसं धावत आली. कुणाच्या गळ्यात नाण्यांच्या माळा, कुणाच्या ओच्यात. एक नावाडी ओरडत होता, "लोखंड नको! लोखंडाला नाव सुटायची नाही!" मासळीवालीने टोपलीवर चटई टाकली आणि तिच्यावर ती स्वतः बसली.

यासुकेने एकाला धरलं. "काय झालं?"

"ऐकलं नाहीस? लोखंडी नाणं बंद होणार! टांकसाळीचेच लोक तांबं गोळा करत फिरतायत, चारास एक देतायत!"

"टांकसाळीचे? कोण?"

"कोण म्हणजे? सगळेच!"

तो माणूस पळाला. यासुके माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा उतरला होता. "गुरुजी, असं काही आहे का हो? मला तर कुणीच काही सांगितलं नाही!"

मी त्याच्याकडे बघत राहिलो. मग त्यालाही समजलं. तो तिथेच जाळ्यांच्या ढिगाऱ्यावर बसला.

दुपारपर्यंत बाजार बंद. तोकुबेने फळ्या लावल्या आणि आतून सांगितलं, तोफू संपला. तोफूचा वास रस्ताभर येत होता. तांदळाच्या वखारीपुढे बायका उभ्या होत्या, मधूनच एखादी दार बडवायची. एका बाईने आपली अख्खी माळ पायरीवर बसलेल्या माझ्या मांडीवर टाकली. "तुम्ही त्याच्याबरोबर होतात, गुरुजी. खरं सांगा, ह्यांचं काय करू? खिळे करू का?" मी सांगितलं की हुकूम तसाच आहे, काही बंद होत नाही. तिने मान हलवली. "तुम्हाला गप्प राहायला सांगितलंय," ती म्हणाली आणि माळ उचलून पुढच्या माणसाकडे गेली.

संध्याकाळी टांकसाळीच्या मुकादमाने, हानदासाहेबांनी, यासुकेला बोलावून घेतलं. तो परत आला तेव्हा मी त्याच्या घरी होतो. तो दारातच जोडे हातात घेऊन उभा राहिला आणि हलक्या आवाजात सांगायला लागला.

"खरं ते सांगितलं त्यांना. आईच्या पिशवीसाठी. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, टांकसाळीतला माणूसच टांकसाळीचं नाणं आईला देत नाही, तर लोकांनी का घ्यावं? परवा आठवड्याचा बाजार आहे. दुकानं उघडली, लोखंड चाललं, तर ठीक. नाहीतर अफवा पसरवली म्हणून हद्दपार. तिघांनाही."

"आणि आई?" नुईने विचारलं.

"आईचं नाव घेतलं नाही त्यांनी. त्यांना वाटलं असेल, तोवर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

हद्दीपलीकडे डोंगर होते आणि त्या डोंगरातल्या गावांत मागच्या हिवाळ्यापासून धूर निघत नव्हता. फुसाने आताशी कुठे बाळसं धरलं होतं.

"लोकांना जाऊन सांगा," नुई म्हणाली. "घरोघरी सांगा, कशाला हवी होती ते."

"सांगितलं. येताना तोकुबेच्या दाराशीच सांगितलं. म्हणाला, छान गोष्ट रचलीस, आता आईला मध्ये घाल."

"अरे, त्या तोकुबेला तोफू तरी धड जमतो का!" आतून आवाज आला. आमची भिंत म्हणजे कागद आणि काठ्या, म्हातारीने सगळं ऐकलं होतं. "आत या सगळे. कुजबुजता काय? मेले नाहीये मी अजून."

आम्ही आत गेलो. किसाबाई कोपरावर उठायचा प्रयत्न करत होत्या.

"बाजार परवा ना? मला न्या."

"आई, तुला बसवत नाही."

"बसायचंय कुणाला? ते दार काढा. दारावर घालून न्या."

आमच्याकडे आजारी माणसाला घराच्या सरकत्या दाराच्या फळीवर निजवून वैद्याकडे नेतात. बाजारात मात्र तसं कुणाला नेलेलं मी पाहिलं नव्हतं. यासुके नको नको म्हणत राहिला. म्हातारीने त्याचा कान धरला. लहान पोराचा धरावा तसा, ओढला मात्र नाही.

"तू ओततोस ना ती नाणी?"

"हो."

"नीट ओततोस?"

"लोखंड आहे, आई. जेवढं नीट होतं तेवढं."

"मग झालं," त्या म्हणाल्या. पण कान सोडल्यावर त्यांचा हात आपसूक गळ्याशी गेला आणि पिशवी नाही तिथे नुसताच चाचपडत राहिला.

बाजाराच्या सकाळी आम्ही त्यांना घेऊन निघालो. पुढे यासुके आणि दोरखंडवाल्याचा भाऊ, मागे मी आणि नुई. फुसा उशी धरून चालत होती. बाजारात लोक होते, पण बाजार नव्हता. फळ्या लागलेल्या. माणसं टोळक्याने उभी, कुणाचाच पाय एका जागी ठरत नव्हता. हानदासाहेब दोन शिपाई घेऊन पुलाच्या पाटीखाली उभे होते.

"तोकुबेच्या दारात ठेवा," किसाबाई म्हणाल्या.

फळी खाली टेकली. लोक जवळ आले. आजारी माणसाचा वास येतो तेवढ्या अंतरावर थांबले.

"तोकुबे! बाहेर ये. तुझ्या दारात मरत नाही, घाबरू नको."

फळ्यांच्या फटीतून तोकुबेचा डोळा दिसला. मग तो बाहेर आला, हाताला पीठ लागलेलं.

"किसाबाई, हे काय आता?"

"माझा मुलगा तुझ्याकडे तांबं मागायला आला होता, ते माझ्या पिशवीसाठी. नावेच्या भाड्याला. त्याने तुला सांगितलं, तुला पटलं नाही. आता माझं तोंड बघ आणि सांग, मला भाडं लागणार आहे की नाही?"

तोकुबेने तोंड बघितलं. आम्हा सगळ्यांना जे दिसत होतं ते त्यालाही दिसलं. त्याने मान खाली घातली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे खरंच पिशवीसाठी होतं!" दुसरा म्हणाला, "असेल. पण तिलासुद्धा लोखंड नको होतं ना? तिथेच आलं सगळं."

तेच तर होतं. हानदासाहेबांनीही मान वर केली. यासुकेने डोळे मिटून घेतले.

"कोण बोललं?" किसाबाईंनी विचारलं. कुणी पुढे आलं नाही. "बरोबर बोलला. नको होतं मला. म्हातारी बाई, जुन्याची सवय. सोयाबीनचा मिसोसुद्धा मला जुनाच लागतो. पण दोन रात्री विचार केला. माझ्या पोराने आयुष्यभर वाळूत हात घातले आणि त्याने ओतलेलं नाणं सोडून मी दुसऱ्याचं घेऊन जाऊ? नुई, पिशवी."

नुईने नवी पिशवी काढली. यासुकेने आपल्या कमरेच्या माळेतून सहा नाणी सोडवली. लोखंडाच्या काठाने दोरी करवतल्यासारखी झाली होती. किसाबाईंनी एकेक नाणं वर धरलं, सगळ्यांना दिसेलसं, आणि पिशवीत टाकलं.

"आपटून तरी बघा, आजी!" गर्दीतला एक पोरगा ओरडला.

सहातलं एक जरी फुटलं असतं तर सगळं संपलं होतं.

"आण तुझं डोकं," किसाबाई म्हणाल्या. "त्यावर आपटते. बघू आधी काय फुटतं!"

लोक हसले. हसताना थोडे पुढे सरकले.

"आणि नावाड्याने नाही घेतली तर?" तोकुबेने विचारलं. तो चेष्टेत विचारत नव्हता.

"नाही घेतली तर मी परत येते," किसाबाई म्हणाल्या. "सरळ तुझ्याकडे, तोकुबे. तुझ्या उशाशी बसते आणि सांगते, चालली नाहीत बाबा, बंद कर दुकान. पण मी आले नाही तर समज, चालली. मग तू लोखंड घ्यायचंस आणि तोंड बंद ठेवायचंस."

मासळीवाली फिसकन हसली, आणि मग सगळा बाजार. तोकुबे मात्र हसला नाही. रात्री दिवा लावून झोपणारा माणूस तो.

"नको, नको," तो घाईने म्हणाला, "परत कशाला यायचं! चालतात की. मी म्हटलं होतं का चालत नाहीत?" आणि त्याने खरोखरच फळ्या काढायला सुरुवात केली. "या, या, गरम आहे तोफू. लोखंड द्या, काहीही द्या. किसाबाई, एक तुकडा न्या, पैसे नकोत."

"पैसे घे," किसाबाई म्हणाल्या. "सगळे बघतायत."

तोकुबेने लोखंडी नाणं घेतलं. मग दोरखंडवाल्याने दार उघडलं, मीठवाल्याने पाटी बाहेर ढकलली. हानदासाहेब बराच वेळ बघत होते. जाताना ते यासुकेला एवढंच म्हणाले, "उद्या भट्टी पेटेल. वेळेवर ये."

आम्ही घरी आलो. फळी दाराला परत लावली. यासुके पाणी आणायला गेला. तेव्हा त्यांनी माझी बाही धरली.

"गुरुजी, हिशेब तुमचा पक्का. आज खरा भाव काय?"

"पाटीवर एकास एक."

"पाटी मी वाचली हो. झाकून काय चाललंय ते सांगा."

मी नुईकडे पाहिलं. ती म्हणाली, "तीनास एक. दुकानं उघडली पण भाव उतरला नाही."

किसाबाईंचे ओठ हलले. "म्हणजे सहाला अठरा." मग बोटाने पिशवी चाचपत म्हणाल्या, "यात सहाच राहू देत. लोक उघडून बघतील, मुलाचं नाव जाईल. बाकीची बारा कुठे घालायची? नावाड्याला पाटी दाखवता येणार नाही, पण जास्तीची नाणी देता येतील. घेईल तो. माणूसच असेल ना?"

"पांढऱ्या कपड्याच्या काठात शिवते," नुई म्हणाली.

"काठ लोंबेल."

"नाही लोंबू देत."

"शिव मग. तुझे टाके बारीक असतात."

सासूने सुनेच्या टाक्यांना चांगलं म्हटलेलं मी तरी त्या घरात पहिल्यांदाच ऐकलं. नुई सुईत दोरा ओवायला लागली. दोरा तिला पटकन ओवता आला नाही.

पण त्याने म्हातारीचा जीव निवांत झाला असं म्हणता येणार नाही. रोज सकाळी डोळे उघडले की त्या आधी विचारायच्या, "भाव काय?" नुई घागर घेऊन विहिरीवर जायची, तिथे ऐकून यायची. "तीन, सासूबाई." "अजून तीनच?" "तीनच." मग त्या थोडी पेज घ्यायच्या. यासुके टांकसाळीत होता, त्याला यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याने दिवसभर ओतायचं आणि बायकोने दिवसभर भाव विचारायचा.

किसाबाई गेल्या त्या भर दुपारी, भट्टीच्या भात्यांचा आवाज ऐकू येत असताना. यासुकेला निरोप पाठवला. त्यांना पाण्याने पुसून पांढरे कपडे घातले, हात जोडून बांधले, गळ्यात पिशवी घातली. भिक्षू आले, उदबत्त्या लागल्या. दारात गावातली माणसं जमली. तोकुबेही आला होता. पिशवी उघडून नाणी दाखवली तेव्हा तो पुढे होऊन बघून गेला आणि समाधानाने मागे उभा राहिला.

न्यायची वेळ झाली. तेवढ्यात दाराबाहेर दोघे आपसात बोलत होते ते कागदी भिंतीतून स्वच्छ ऐकू आलं. मासळीवाली कुणाला तरी सांगत होती, "सकाळी जहाज आलं ना, तेव्हापासून चारास एक झालाय. आणि बघ, अजून पडेल."

नुईने मान वळवली. ती उठली, फडताळातून माळ काढली आणि किसाबाईंच्या पायाशी बसून तिने कपड्याचा काठ उसवायला घेतला.

"नुई, काय करतेस?" यासुके दबक्या आवाजात म्हणाला. "लोक थांबलेत."

"थांबू देत. भाव बदललाय."

"कसला भाव?"

तिने त्याला उसवलेला काठ दाखवला. आतली नाणी त्याने स्वतः ओतलेली होती, काठावर स्वतःच्या कानशीचे ओरखडे त्याला ओळखू आले असतील. तो बघत राहिला. मग खाली बसला आणि माळेतून एकेक नाणं सोडवून तिच्या हातात देऊ लागला. आतमध्ये भिक्षू खाकरले, बाहेर कुणीतरी 'चला, चला' म्हणालं. मी दाराशी जाऊन उभा राहिलो आणि आत कुणी येऊ नये म्हणून हवापाण्याच्या गोष्टी काढल्या.

मेलेल्या माणसाच्या कपड्याच्या दोऱ्याला आमच्याकडे गाठ मारत नाहीत. दोरा मोकळा सोडतात, म्हणजे जीव अडकत नाही. नुईला हे ठाऊक होतं. मोकळ्या दोऱ्यातून नाणी वाटेतच गळाली असती, हेही तिला ठाऊक होतं. तिने एक नाणं आत सरकवलं, दोरा ओढला आणि दातांत धरून घट्ट गाठ मारली. मग दुसरं घेतलं.